दिनूदाचे सराव सामने

दिवाळी उरकली की पुढचे पाच-सहा आठवडे दिनूदा पोवार आमच्या कंपनीच्या बसमध्ये बसत नाही. उभा राहतो. सीट रिकामी असते, तीही खिडकीची. तरी हा माणूस वरचा दांडा धरून चाकण ते मोशी उभाच. नव्यानं लागलेला एखादा ट्रेनी भाबडेपणानं उठून म्हणतो, "काका, बसा ना." त्यावर दिनूदा असा बघतो की त्याला वाटावं, आपण काहीतरी अभद्र बोलून गेलो.

"आरं, तिकडं आपली पोरं ग्राउंडवर पळाय लागल्यात, आनि मी हितं बूड टेकून बसू व्हय?"

तिकडं म्हणजे कोल्हापुरात. आपली पोरं म्हणजे पिंपळझाड तालीम मंडळाचा फुटबॉल संघ. आणि ती पळतात ती काही कपासाठी नव्हे, लीगसाठी नव्हे. सराव सामन्यात. हंगाम सुरू व्हायच्या आधी अंग मोकळं करायला जे सामने खेळतात, ज्यांची नोंद कुठल्या वहीत होत नाही आणि ज्यात कुणाचा तरी मेहुणा पंच म्हणून शिट्टी वाजवतो, ते सामने.

कोल्हापूरबाहेरच्या माणसाला हे जरा उकलून सांगायला हवं, कारण दिनूदाला मलाही ते असंच सांगावं लागलं होतं. मी परभणीचा. आमच्या शाळेत फुटबॉल म्हणजे पी.टी.च्या सरांच्या कपाटावर ठेवलेली, हवा गेलेली एक वस्तू होती. ती कुणी कधी खाली काढली नाही. कोल्हापुरात मात्र पेठ तिथं तालीम आणि तालीम तिथं फुटबॉलचा संघ. कुस्तीगिरांनी कधीकाळी लाल मातीतून बाहेर येऊन चेंडूला लाथ मारली, ती इतकी बसली की आजही हंगामात निम्मं शहर उरलेल्या निम्म्या शहराशी बोलत नाही. असं मला दिनूदानं सांगितलं. सांगताना त्याचा ऊर भरून आला होता.

हा दिनूदा आमच्याकडं टूल रूममध्ये फिटर. त्याआधी बरीच वर्षं प्रेस शॉपमध्ये काढलेली, त्यामुळं कान जड आणि आवाज मोठा. कोल्हापूर सोडून भोसरीत आला तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो. तरी पहिल्याच दिवशी मला बजावलं, "मला अहो-जाहो करायचं न्हाई. तालमीत अहो फक्त वस्तादाला म्हनत्यात." मोशीला तो माझ्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहतो. इतक्या वर्षांत त्यानं इकडचं काही अंगाला लावून घेतलं नाही. माणसांना तो गावावरून हाक मारतो. मी परभणीकर. ड्रायव्हर बीडकर. एचआरच्या मॅडम ठाण्याच्या, म्हणून त्यांच्या पाठीमागं ठाणेकरीण. स्वतःला मात्र तो कोल्हापूरकर म्हणत नाही. "मी पिंपळझाडचा," म्हणतो. कोल्हापूर त्याला फार ढोबळ वाटतं.

आता तुम्ही म्हणाल, चाकणच्या बसमधून कोल्हापूरचा सराव सामना दिसतो कसा? दिसत नाही. ऐकू येतो.

ग्राउंडच्या कडेला, देवळाच्या बाजूच्या गोलामागं, एक भेळ-भडंगाची गाडी आहे. गाडीचा मालक सदाशिव. दिनूदाचा बालमित्र, एकाच तालमीत मेहनत केलेला, दिनूदाच्या तोंडी सद्या. पहिली शिफ्ट सुटून बस गेटबाहेर पडली की बरोबर सामना सुरू व्हायच्या वेळेला सद्याचा फोन येतो. दिनूदा तो स्पीकरवर टाकतो, कारण कान जड. आणि मग तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली आमची पन्नास माणसं मुकाट्यानं पिंपळझाडचा सराव सामना ऐकतात.

"हां दिन्या, आयकतोयस न्हवं? सुरू झाला बग. बॉल सात नंबरनं घेतला. सात नंबर, सात नंबर... किती? दोन देऊ? तिखट का मध्यम? ...सात नंबर अजून पळतोय... कांदा हाय की ताई त्यात, खाली बघा... एकाला डॉज दिला, दुसऱ्याला डॉज दिला... शेव टाकतो की वरनं, दम धरा... आनि गोऽऽऽल! न्हाई न्हाई, बारला लागला."

सात नंबरचा हा खेळाडू कोण होता देव जाणे, पण तो जिथं तिथं असायचा. आपल्या गोलापाशी तोच, त्यांच्या गोलापाशी तोच. दोन प्लेट भेळ बांधून होईपर्यंत तो चेंडू पायाखाली घेऊन पळतच असायचा. आमच्या बसमध्ये त्याचे चाहते तयार झाले. पेंट शॉपचा एक ओडिशाचा माणूस होता, त्याला मराठीतलं 'चहा'च्या पुढं काही कळत नसे. पण 'सात नंबर' म्हटलं की तोही टाळ्या वाजवायचा.

दिनूदाच्या प्रतिक्रिया मात्र बघण्यासारख्या. लोक म्हणतात, सराव सामना आहे, त्याचं काय एवढं. दिनूदाला हे वाक्य शिवीसारखं लागतं. त्याच्या मते खरा हंगाम हाच. "हंगामात काय, जे शिजलंय ते वाढायचं असतंय. शिजतंय कसं ते आत्ता बघायचं." गेल्या हंगामाआधी पहिल्याच सराव सामन्यात कुठल्यातरी कॉलेजच्या पोरांवर पिंपळझाडनं पाच गोल चढवले. दुसऱ्या दिवशी दिनूदा पेढ्यांचे दोन बॉक्स घेऊन बसमध्ये. प्रत्येकाच्या हातावर पेढा आणि वर एकच घोषणा, "ह्या साली कप कुनाकडं? आपल्याकडं. विषय संपला."

विषय संपला, हे त्याचं आवडतं वाक्य. जिंकलं की संपतो, हरलं की संपतो, बरोबरी झाली तर अगदीच संपतो.

पेढे वाटले त्याच दिवशी त्यानं टाइम ऑफिसमध्ये रजेचा अर्ज दिला. कारण: अंतिम सामना. तारीख: ठरल्यावर कळवतो. टाइम ऑफिसचे गायकवाड सज्जन माणूस. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला आणि ठेवून घेतला. चारच दिवसांनी पुढचा सराव सामना एक-एक असा सुटला. दिनूदा जेवणाच्या सुट्टीत तोंड पाडून गायकवाडांच्या टेबलापाशी. "साहेब, तेवढा अर्ज परत द्या."

"का हो? रजा नको?"

"पयल्याच फेरीत घरी जानार आमी. लेफ्ट बॅक बघितला न्हाई तुमी. दोरीवर धुणं वाळत घातल्यागत उभा हाय. विषय संपला."

त्या एका हंगामात तो अर्ज पाच वेळा आत गेला आणि पाच वेळा बाहेर आला. शेवटी गायकवाडांनी तो फाइलला लावणंच सोडलं. वरच्या ड्रॉवरमध्ये पंचिंग मशीनखाली ठेवून द्यायचे.

घरी त्याची बायको, शोभावहिनी. ती गडहिंग्लजकडची, तरी फुटबॉलशी तिचा संबंध फक्त स्वयंपाकापुरता. "जिकलं की तांबडा-पांढरा रस्सा मागत्यात, हरलं की नुसतं ताक पित्यात," ती माझ्या बायकोला सांगत होती. "म्हनून मी बस दारात आली की गॅलरीतनं ह्यांची चाल बघती. मगच कणकेचं ठरवती."

आणि प्रशिक्षकाला व्हॉइस मेसेज. तालमीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दिनूदा एकेक मेसेज अकरा-अकरा मिनिटांचा टाकायचा. मागं टूल रूममधला हातोडा ठणठणतोय, आणि पुढं हा सांगतोय की गोलीनं पेनल्टीला आधी उजवीकडं झुकून बघू नये, त्यामुळं समोरच्याला कळतं. तीनदा त्याला ग्रुपमधून काढलं. तीनदा सद्यानं कुणाच्या तरी हातापाया पडून परत घ्यायला लावलं. दिनूदाचा पक्का समज असा की संघ आपल्या सल्ल्यावर चाललाय. त्या खेळाडूंपैकी एकानंही याला कधी पाहिलं नव्हतं.

हे सगळं मी हसत हसत बघत होतो. आमचा दीड तासाचा कंटाळा त्यामुळं हलका व्हायचा हे खरं. मग त्याच मोसमात मी एक उपद्व्याप केला. हेतू अगदी चांगला होता.

झालं असं की मोबाइलवर काहीतरी चाळताना मला दिसलं, पिंपळझाडचे सराव सामने पेठेतलं कुणीतरी आता थेट दाखवायला लागलंय. गच्चीवरून, एका कॅमेऱ्यानं. पण चित्र स्वच्छ. मला फार आनंद झाला. म्हटलं, हा माणूस इतकी वर्षं नुसत्या आवाजावर जगतोय, याला एकदा सामना दाखवू. मी कुणाला काही बोललो नाही. त्या दिवशी बस सुटली, कुरुळीच्या अलीकडं नेहमीसारखी अडकली, सद्याचा फोन आला, दिनूदा दांडा धरून उभा राहिला, आणि मी माझा मोबाइल त्याच्यासमोर धरला.

"दिनूदा, बघ. लाइव्ह."

मागचे सात-आठ जण उठून भोवती आले. पडद्यावर जांभळ्या बनियनमधली पोरं दिसत होती. दिनूदाच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते तेव्हा मला वाचता आलं नाही. मला वाटलं, भारावलाय.

स्पीकरवर सद्या रंगात आला होता. "सात नंबरनं बॉल घेतला बग दिन्या! उजव्या अंगानं निघाला!"

पडद्यावर चेंडू डाव्या बाजूला, थ्रो-इनसाठी कुणीतरी हातात धरला होता.

"व्हिडिओ मागं असतो थोडा," ड्रायव्हरच्या मागचा एकजण जाणकारपणे म्हणाला. "येईल आत्ता."

"एक डॉज! दुसरा डॉज! ...चटणी हिरवी का लाल? ...मारली किक आनि गोऽऽल! गोल झाला दिन्या!"

आम्ही सगळे पडद्याकडं डोळे लावून गोलची वाट बघत राहिलो. एक मिनिट झालं. दोन झाली. थ्रो-इन झाला, चेंडू गटाराकडं गेला, तो आणायला कुणीतरी गेलं. गोल काही येईना. तेवढ्यात कॅमेरा जरा सरकला आणि मैदानाच्या कडेला एक खेळाडू दिसला. पायात चप्पल, गुडघ्याला पट्टी, हातात केळं. पाठीवर सात नंबर.

आधी कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळी बस. मीही हसलो, सगळ्यांत मोठ्यानं हसलो असेन. "अरे, सात नंबर केळं खातोय आणि तुझा सद्या त्याला गोल मारायला लावतोय! हा माणूस इतकी वर्षं फेकतोय का काय दिनूदा?"

दिनूदानं माझ्या मोबाइलवर पंजा ठेवला. सगळा पडदा त्या पंज्याखाली गेला.

"बंद कर त्ये."

त्याचा आवाज मोठा असतोच. हा मोठा नव्हता. तिकडं फोनवर सद्या विचारत होता, "दिन्या, गोल झाला म्हनलं! आयकलास न्हवं? आवाज कसला येतोय?"

दिनूदानं फोन तोंडाशी नेला. "आयकलं की मर्दा! बशीत नुसता दंगा चाललाय गोलाचा! कुनी मारला?"

"दुसरं कोन मारनार? सात नंबर!"

"नाद खुळा!" दिनूदा ओरडला. बसभर एकेकाकडं बघत ओरडला. मग कुणी हसलं नाही.  फोन ठेवल्यावर दिनूदा पुढं जाऊन ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसला. त्या मोसमात त्याला बसलेलं आम्ही पहिल्यांदा पाहत होतो.

आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही. जिन्यात भेटला तर भिंतीकडं बघून जायचा. शोभावहिनीनं माझ्या बायकोला विचारलं, "भांडान झालंय व्हय?" काय झालंय ते मलाही नीट कळत नव्हतं. मित्राचं खोटं उघड पडलं म्हणून एवढा राग? राग त्या सद्यावर धरायचा, माझ्यावर कशाला?

शनिवारी संध्याकाळी दारावर थाप. दिनूदा. आत आला नाही.

"उद्या काय काम हाय?"

"काही नाही."

"मग सकाळी तयार राहा. कोल्हापूरला जाऊन येऊ. हंगामाआधीचा शेवटचा सराव सामना हाय."

वल्लभनगरहून सकाळची एसटी धरली. शोभावहिनीनं भाकरी आणि झुणका बांधून दिला होता. साताऱ्यापर्यंत दिनूदा खिडकीबाहेर बघत राहिला. कराडला गाडी थांबली. आम्ही खाली उतरून चहा घेतला. कप तोंडाला लावायच्या आधी तो म्हणाला, "सद्याला दिसत न्हाई."

मला आधी कळलंच नाही. "काय दिसत नाही?"

"कायच न्हाई. साखर हाय त्येला. डोळं त्यात गेलं. उजेड आनि सावली तेवढी कळती. गेल्या साली त्येच्या पोरीचं लगीन झालं, तवा वैनीनं मला मांडवाच्या मागं नेऊन सांगितलं. त्येला म्हनं कुनाला कळू द्यायचं न्हाई. गाडी तीच बघती आता. ह्यो नुसता भेळ कालवतो. हाताला सगळं म्हाईत हाय त्येच्या."

"मग ती कॉमेंट्री?"

"गर्दी वरडती ते आयकतो. बॉलवर लाथ बसल्याला आवाज आयकतो. उरल्यालं मनानं सांगतो." दिनूदानं चहाचा घोट घेतला. "सात नंबर त्यो स्वता हुता. आमच्या वक्ताला. लई पळायचा."

 मग मनात हिशेब लागायला लागला. "म्हणजे खरा निकाल तुला..."

"ग्रुपवर येतोय की रोज सांजचं. सद्याला वाटतं, मी तिथं नुसता बोलतो, वाचत न्हाई."

"आणि या वर्षी कॉलेजच्या पोरांवर पाच गोल मारले, पेढे वाटलेस..."

"एक-शून्य हरलो हुतो."

"मग पेढे कशाला वाटलेस?"

दिनूदानं माझ्याकडं असं बघितलं की मीच खुळा. "सद्यानं एवढं पाच गोल मारलं गा! त्येला पेढं नकोत?"

म्हणजे टाइम ऑफिसमधला अर्ज, लेफ्ट बॅकला घातलेल्या शिव्या, ताक, तांबडा-पांढरा, सगळं गेलं वर्षभर सद्याच्या सामन्यांवर चाललं होतं. मैदानावरच्या नव्हे.

"तू त्याला कधी बोलला नाहीस?" मी विचारलं.

"त्येनं मला सांगितलं न्हाई. म्हंजे त्येला मला कळू द्यायचं न्हाई. मग मी कशाला कळून घिऊ?" त्यानं कप ठेवला. "पन बशीतल्या लोकास्नी वाटाय नको, सद्या फेकतो म्हनून. म्हनून तुला आनलंय. बघून घे, आनि जाऊन सांग काय सांगायचं त्ये."

ग्राउंडवर पोचलो तेव्हा पोरं चेंडू खेळवून अंग गरम करत होती. गाडी गोलामागं होती, मी मनात रंगवली होती त्याहून बरीच लहान. सद्याची बायको, मंगलवहिनी, पैसे घेत होत्या, पुड्या बांधत होत्या. शेजारी स्टुलावर एक रुंद खांद्याचा, पिकल्या मिशांचा माणूस मांडीवर पातेलं घेऊन भेळ कालवत होता. चिमटीनं मीठ, मुठीनं शेव, कांदा. एक कण खाली सांडत नव्हता. चेहरा मैदानाकडं, नजर मैदानाच्या जराशी वरून.

"सद्या, दोन बांध. एक तिखट," दिनूदा म्हणाला.

पातेल्यातला हात थांबला. "दिन्या? आरं तू हितं कसा गा?" त्याचा चेहरा आधी उजळला आणि मग त्यावर भीती आली. ती मला स्पष्ट दिसली. फोनवर ठीक होतं. आता शेजारी बसून दिनूदा सगळा सामना स्वतः बघणार, आणि सद्यालाही बघावा लागणार.

दिनूदा खोक्यावर त्याच्या शेजारी टेकला. शिट्टी झाली. सद्या मोठ्या शिताफीनं म्हणाला, "आज मी काय बोलनार न्हाई बग. रोज मीच घसा कोरडा करतो. आज तू आलायस, तू सांग. मी धंदा बघतो."

"मी?"

"मग कोन? पिंपरीचं पानी पिऊन जीभ जड झाली काय?"

दिनूदानं सुरुवात केली. मी आयुष्यात इतकी वाईट कॉमेंट्री ऐकलेली नाही. हा माणूस बसमध्ये नुसत्या आवाजावर सगळा सामना बघायचा. समोर खरा सामना आल्यावर त्याच्या तोंडून शब्द फुटेना. "बॉल... हां... घेतला... आरं दे की! दे की त्याला! ...आरं आरं आरं... हॅट्!"

"हॅट् म्हंजे काय?" सद्या वैतागला. "आत गेला का भाईर?"

"भाईर."

"कुनी मारला?"

"त्येनं... त्यो, केस वाढवल्याला."

"नंबर सांग की गा! मी कसं सांगतो तुला? नीट, सगळं, डोळ्यासमोर उभं राहील असं सांगतो का न्हाई?"

"सांगतोस," दिनूदा म्हणाला.

भेळ घ्यायला आलेल्या दोघा-तिघांनी मग त्याला मदत केली. कोण कुठून निघाला, कुणी पाडला, पंच झालेला मेहुणा शिट्टी का वाजवत नाही. मंगलवहिनीही मधेच "कॉर्नर, कॉर्नर" म्हणाल्या. त्यांना सगळं कळत होतं, पण दिनूदाकडं त्या बघत नव्हत्या. सद्या मान डोलवत होता, कालवत होता. मजा चालली होती.

मग मैदानाच्या पलीकडच्या अंगाला एकदम आरोळी उठली. समोरच्या संघाची माणसं नाचायला लागली. पिंपळझाडचा गोली जाळ्यातून चेंडू काढत होता. दिनूदानं ते बघितलं.

"काय झालं?" सद्या.

"काय न्हाई. कॉर्नर मिळाला त्यास्नी."

सद्या पुढं कालवत राहिला. थोड्या वेळानं पुन्हा तशीच आरोळी. दिनूदा म्हणाला, "आनि एक कॉर्नर." तिसऱ्या आरोळीला तो काहीच बोलला नाही.

सद्यानं पातेलं मांडीवरून खाली ठेवलं. हात टॉवेलला पुसले, एकेक बोट सावकाश. "कॉर्नरला एवढं वरडत न्हाईत गा दिन्या," तो म्हणाला.

मंगलवहिनी पुढ्यातल्या गिऱ्हाइकाकडं पाठ करून कांदा चिरायला लागल्या. मी भडंगाच्या डब्याकडं बघत उभा राहिलो.

"मला दिसत न्हाई दिन्या. लई दिस झालं."

"म्हाईत हाय."

"कवापासनं?"

"पोरीच्या लग्नापासनं."

सद्याच्या मिशा हलल्या. "आनि तरीबी रोज फोन धरून उभा राहतोस? मी काय वाट्टेल ते सांगतोय, आनि तू आयकतोयस?"

"वाट्टेल ते कशाला? झ्याक सांगतोस की." इतकी वर्षं प्रेस शॉपच्या आवाजावर आवाज चढवून बोललेल्या त्या माणसाला मी पहिल्यांदा इतकं हळू बोलताना ऐकत होतो. "मी बोललो असतो तर तू फोन बंद केला असतास. मग त्या चाकणच्या ट्रॅफिकात मी काय करनार हुतो, सांग बघू. दीड तास. तिथं माझ्या वळखीचं कोन हाय?"

मी तिथंच होतो, हातभर अंतरावर. मला राग यायला हवा होता. आला नाही.

 सद्यानं हात लांब केला, चाचपला, आणि तो दिनूदाच्या गुडघ्यावर पडला. तो तिथंच राहू दिला.

"बरं. स्कोर सांग."

"एक-शून्य. मागं हाय आपन."

"खरं सांग."

"दोन."

"दिन्या."

"तीन," दिनूदा म्हणाला. "पन तिसरा ऑफसाइड हुता. देवाशपथ."

"हुता न्हवं?" सद्यानं पातेलं परत मांडीवर ओढून घेतलं. "मलाबी तसंच वाटलं."